आमच्या शाळेला दुसरा शिक्षक हवा आहे. वर्गणीतून नको, मंजूर पदावरचा हवा

रानजाई | सोमवार, १८ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. वाडी डोंगराच्या पायथ्याशी, तालुक्याला एसटीने तासभर लागतो. शाळा पहिली ते पाचवी, पट २३, मंजूर शिक्षक दोन. गेल्या दिवाळीपासून मात्र एकच सर आहेत. दुसऱ्या बाई कागदावर आमच्याच शाळेत आहेत, त्यांचा पगारही आमच्याच शाळेच्या नावावर निघतो, पण त्यांना तालुक्याच्या ऑफिसात 'कामगिरीवर' नेलंय. दहा महिने झाले.

गेल्या गुरुवारी मुलीचा डबा द्यायला शाळेत गेले होते. पाचही वर्ग एका खोलीत. सर दारात उभे राहून मोबाइलवर खिचडीची माहिती भरत होते, कारण रेंज फक्त दारातच येते. आत पाचवीतली एक मुलगी पहिलीच्या चौघांना 'ग' गिरवायला शिकवत होती. इतकी मन लावून शिकवत होती की बघत राहावं. मग मी तिची स्वतःची वही उघडून पाहिली. त्या आख्ख्या आठवड्यात त्या वहीवर एकच तारीख होती.

सरांना बोल लावायचा नाहीये, तो माणूस सकाळपासून उभा असतो.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय निघाला. घरटी ३०० रुपये काढू आणि गावातल्याच डीएड झालेल्या मुलीला महिना ५ हजारांवर ठेवू, असं ठरत आलं होतं. मी उठून म्हटलं, आपल्या शाळेचं पद मंजूर आहे, त्याचा पगार सरकार देतंय, मग आपण दुसऱ्यांदा पैसे का भरायचे? त्यावर 'चांगल्या कामात खोडा घालू नका' असं ऐकून घ्यावं लागलं. बाया माझ्या बाजूने होत्या, पण कुणी बोललं नाही.

शाळा व्यवस्थापन समितीची मी सदस्य आहे. नेमकं काय करावं, कुणाला लिहावं, हे अनुभवी लोकांकडून हवं आहे.

---

चौथीचा_बाप | १८ ऑगस्ट, रात्री १०.१५

ताई, तुमचं तत्त्व बरोबर आहे, पण मी तुमच्या ग्रामसभेत असतो तर वर्गणीच्या बाजूने हात वर केला असता. माझा मुलगा चौथीत आहे. आमच्याकडेही एकच गुरुजी होते. अर्ज, विनंत्या, आमदारांना निवेदन, सगळं दोन वर्षं केलं. तोवर पोरगा दुसरीतून चौथीत आला आणि त्याला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. ती दोन वर्षं त्याला कोण परत देणार आहे? शेवटी आम्ही अकरा घरांनी पैसे काढले, मुलगी ठेवली आणि चार महिन्यांत पोरं वाचायला लागली. सरकारशी भांडा, पण पोरांना त्यासाठी ताटकळत ठेवू नका.

---

जुना_खडू | मंगळवार, १९ ऑगस्ट, सकाळी ६.५०

मी ३३ वर्षं नोकरी केली, शेवटची आठ केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा, म्हणून. रानजाईताई, तुम्ही 'पट २३' लिहिलंत. माझा पहिला प्रश्न: त्या २३ पैकी किती मुलांचं आधार व्हॅलिड आहे?

हे विचारतो कारण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणं, हजेरीपटावरून होत नाही. ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि त्यातही ऑनलाइन प्रणालीत ज्यांचं आधार जुळलं तीच मुलं मोजतात. नावात एक वेलांटी इकडची तिकडे झाली, जन्मतारीख दाखल्यावर वेगळी आणि आधारवर वेगळी असली, की ते मूल वर्गात बसलेलं असूनही हिशेबात नसतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली, वस्तीवरची मुलं यात हमखास गळतात.

तुमची तीन मुलं अशी निघाली तर पट २० होतो. २० च्या खाली गेलेल्या शाळेचं पुढे काय होतं ते आपण बघतोय. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अशा अनेक शाळा मिळून एक, उभारण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यात अशा १४ हजारांवर शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांच्या आसपास मुलं. ५ सप्टेंबर २०२४ ला, नेमक्या शिक्षकदिनी, कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक १५ हजारांच्या मानधनावर कंत्राटी नेमण्याचा निर्णय आला. २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षक सामूहिक रजेवर गेले, मोर्चे निघाले, पुढे तो निर्णय मागेही घेतला. पण २० हा आकडा साहेबांच्या डोक्यातून गेलेला नाही.

आज १९ तारीख आहे. तुमच्या हातात सहा आठवडे आहेत. अर्ज करालच, पण आधी सरांकडून आधारची यादी घ्या.

---

रानजाई | १९ ऑगस्ट, रात्री ८.०५

काका, आज यादी पाहिली. हात गार पडले. २३ पैकी चार मुलांचं जुळत नाही. दोघं भाऊ आहेत, त्यांच्या आधारवर आडनावच नाही. एका मुलीची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी पडलीय आणि शाळेच्या दाखल्यावर जून आहे. चौथा मुलगा आजीकडे राहतो, त्याचं आधार काढलेलंच नाही.

म्हणजे वर्गात २३ आणि सरकारदरबारी १९. सरांना माहीत होतं. म्हणाले, "बाई, पालकांना चार वेळा निरोप दिला, मी शाळा बंद करून त्यांना आधार केंद्रावर कधी नेऊ?"

---

विधीरंग | १९ ऑगस्ट, रात्री ९.३०

कायद्याचं थोडं सांगतो, अर्जात कामाला येईल.

शिक्षणहक्क कायदा २००९ च्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. कलम २५ चं दुसरं पोटकलम तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: हे प्रमाण राखण्यासाठी, एका शाळेवर नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात काम करायला लावता येत नाही. अपवाद कलम २७ चे, म्हणजे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. तालुक्याच्या ऑफिसातलं टपाल-टंकलेखन त्यात बसत नाही.

कलम २६ म्हणतं की रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. आणि कलम ३२ खाली तुम्ही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी गाऱ्हाणं मांडू शकता, त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. न दिल्यास किंवा न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

म्हणून अर्जात 'शिक्षक द्यावा ही नम्र विनंती' असं लिहू नका. 'कलम ३२ अन्वये तक्रार' असं शीर्षक टाका. विनंतीवर टिपणी मारून फाईल बाजूला ठेवता येते. तक्रारीवर निर्णय द्यावाच लागतो.

---

पवित्रची_वाट | १९ ऑगस्ट, रात्री ११.२०

मी अशीच 'वर्गणीतली बाई' आहे. म्हणजे होते.

डीएड, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास. गावाने ४ हजारांवर ठेवलं. पहिल्या वर्षी पैसे वेळेवर आले. दुसऱ्या वर्षी कुणी द्यायचं, कुणी नाही. एका काकूंनी तोंडावर म्हटलं, "आमचा नातू तर अजून दहाचा पाढा म्हणत नाही, कशाचे पैसे?" हजेरीपटावर माझं नाव नाही. मूल पडलं-झडलं तर जबाबदार कोण, तेही लिहिलेलं नाही. दोन वर्षांचा अनुभव कुठल्याच फॉर्ममध्ये भरता येत नाही.

आणि सगळ्यात वाईट वाटलं ते हे. पंचायत समितीतून भेट झाली तेव्हा साहेब वर्ग बघून म्हणाले, "अरे वा, इथे तर अडचणच नाही." आमच्या शाळेची रिक्त जागा त्या दिवशीपासून कुणाला दिसेनाशी झाली. ती जागा भरली जावी म्हणूनच तर माझ्यासारख्या हजारो जणी सरकारी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसल्यात. त्या भरतीसाठी २०१७ ची अभियोग्यता चाचणी, मग थेट २०२३ ची, मग २०२५ ची. मधल्या वर्षांत वय निघून जातं. २०२४ ला २१ हजार ६७८ जागांची जाहिरात आली, तेव्हा माझा नंबर थोडक्यात हुकला.

शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीला मानधनावरची शिक्षिका, म्हणून लागले असते तरी १६ हजार मिळाले असते. ४ हजारांत मी तेच काम करत होते. चौथीच्या दादांना दुखवायचं नाही, मी शिकवलेली मुलंही वाचायला लागली होती. पण मी तिथे होते म्हणूनच ती जागा रिकामी राहिली, हा सल जात नाही.

---

चौथीचा_बाप | बुधवार, २० ऑगस्ट, सकाळी ७.१०

ताई, रात्री तुमचं वाचून झोप लागली नाही. आमच्या शाळेतही हेच झालंय. मुलगी ठेवल्यापासून आमच्यापैकी एकानेही तालुक्याला अर्ज केलेला नाही. गरजच वाटली नाही. जून महिन्यात ती लग्न होऊन गेली.

---

जुना_खडू | २० ऑगस्ट, सकाळी ८.००

दोन्ही एकत्र करता येतं, पण क्रम सांभाळा. आधी तक्रार, तिच्यावर पोच, मग तात्पुरती सोय. आणि सोय करताना समितीच्या ठरावात लिहा: 'मंजूर पदावरील शिक्षक हजर होईपर्यंत ही स्वयंसेवी मदत आहे, यामुळे शाळेचा मंजूर पदावरील हक्क सोडलेला नाही, आणि पद रिक्त असल्याची नोंद कायम आहे.' ही ओळ नसेल तर तुमचीच वर्गणी तुमच्याविरुद्ध वापरतील.

समितीत ७५ टक्के पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक फक्त सदस्य सचिव. ही रचना कायद्याने दिलीय. पण तुमची ठराव-वही एकदा हातात घेऊन बघा. मी केंद्रप्रमुख असताना कित्येक शाळांत असं पाहिलंय की पानाच्या खाली बाराही सह्या झालेल्या आणि वर पान कोरं. मजकूर नंतर भरायचा. आम्हीही तपासणीत 'पाहिले' म्हणून सही करून पुढे जायचो. त्याचं मला आज वाईट वाटतं. त्या कोऱ्या पानांवर पालकांना खूप काही मागता आलं असतं.

---

दर्याकिनारी | २० ऑगस्ट, दुपारी २.३०

रत्नागिरीतून लिहितोय. आमच्याकडे २०२३ साली आंतरजिल्हा बदल्यांत शेकडो शिक्षक एकदम गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. कित्येक शाळांत कुलूप उघडायलाही शेजारच्या गावचे गुरुजी यायचे. गुरुजींना दोष नाही, पंधरा-पंधरा वर्षं घरापासून लांब राहिलेली माणसं ती. पण बदलीच्या आदेशासोबत 'पर्यायी शिक्षक हजर झाल्यावरच सोडावे' ही अट पाळली गेली पाहिजे. स्थानिक डीएडधारकांनी मोर्चे काढले तेव्हा कुठे हालचाल झाली.

दारेवाडीची मुलं आठवतात का? इगतपुरी तालुका, भाम धरणातले विस्थापित. शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे जायला सांगितलं, तेव्हा ती मुलं पालकांसोबत शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर चालत निघाली. दप्तर घ्या आणि शेळ्या द्या, असं म्हणत. आठ-दहा वर्षांच्या पोरांनी इतकं चालावं लागावं, तेव्हा कुठे राज्याचं लक्ष गेलं.

---

सत्तरीकर | २० ऑगस्ट, संध्याकाळी ६.१५

गोव्यातही सरकारी मराठी प्राथमिक शाळांची हीच गत. वाड्यावर दहा-बारा मुलं, एक शिक्षिका, आणि दरवर्षी जूनमध्ये 'यंदा शाळा चालू राहणार का' ही धास्ती. आमच्या पालक-शिक्षक संघाने एकच नियम ठेवलाय: शिक्षिका रजेवर गेली आणि पर्यायी कुणी आलं नाही, तर त्याच दिवशी भागशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, फोनवर नाही. वर्षाअखेर ती पत्रं मोजली. आमच्याकडे १७ निघाली. ती घेऊन बसलो तेव्हा बोलणं वेगळं झालं.

---

पैलतीर | २० ऑगस्ट, रात्री १०.५०

मी अमेरिकेत असते, शिकले मात्र सातारा जिल्ह्यातल्या झेडपी शाळेत. आम्ही काही मैत्रिणी मिळून एखाद्या शाळेला टॅब किंवा प्रोजेक्टर द्यायचा विचार करतोय. रानजाई, तुमच्या शाळेला चालेल का?

---

रानजाई | २० ऑगस्ट, रात्री ११.३०

पैलतीरताई, मनापासून आभार. पण आमच्या शाळेचं मीटर मार्चमध्ये बिल थकलं म्हणून काढून नेलंय. प्रोजेक्टर लावणार कशावर? खरं सांगू का, शाळेला वस्तू खूप मिळतात. दोन वर्षांपूर्वी मिळालेला टीव्ही खोक्यासकट कपाटावर आहे.

---

दुर्गम_गुरुजी | गुरुवार, २१ ऑगस्ट, रात्री ९.००

नोकरीत असल्यामुळे नाव-गाव सांगत नाही.

शाळेला वर्षाला मिळतं काय, ते पालकांना कळलं पाहिजे. समग्र शिक्षा अभियानात संयुक्त शाळा अनुदानाचे टप्पे आहेत: ३० पटापर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. रानजाईताईंच्या शाळेला १० हजार, म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात खडू, डस्टर, रजिस्टरं, झेरॉक्स, बल्ब, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल. मला गेल्या वर्षी अर्धीच रक्कम आली आणि तीही मार्चअखेर, 'आठ दिवसांत खर्च दाखवा' या फोनसकट. सादिलचे, म्हणजे किरकोळ खर्चाचे, पैसे कधी आले ते आठवत नाही. नेटपॅक, झेरॉक्स, मुलं आजारी पडली तर रिक्षा, हे खिशातून जातं आणि आमच्यातले बहुतेक जण त्याची वाच्यता करत नाहीत.

८३ मुलांच्या शाळेला आणि ३२ मुलांच्या शाळेला सारखेच २५ हजार, हे आणखी वेगळं. आणि ३० च्या आतल्या शाळेला १० हजारच. छोट्या शाळेचं छप्पर काही कमी गळत नाही.

पालकांनी एक करावं. ग्रामपंचायतीचा आराखडा बनतो तेव्हा वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाचं बंधन नसलेल्या, निधीतून शाळेची दुरुस्ती, वीज मागता येते. पेसा (आदिवासी) क्षेत्रात गाव असेल तर ५ टक्के अबंध निधीही आहे. मी हे ग्रामसभेत बोललो तर 'गुरुजी राजकारण करतात' होतं. तुम्ही बोललात तर तो गावाचा ठराव होतो.

आणि कृपा करून शाळेत येत जा. तुम्ही वर्गात पाच मिनिटं उभे राहिलात तरी मला बळ येतं.

---

पैलतीर | शुक्रवार, २२ ऑगस्ट, सकाळी ७.४०

वाचलं. टॅबचा विचार सोडला. इथे शाळा बऱ्याच अंशी घरपट्टीच्या पैशावर चालतात, त्यामुळे श्रीमंत वस्तीतल्या शाळा धडधाकट आणि गरीब वस्तीतल्या शाळा ओढगस्तीच्या. मदतीच्या पेट्यांनी तो फरक बुजत नाही, हे रोज बघते, तरी आपल्या गावाच्या बाबतीत लक्षात आलं नाही. माहिती अधिकाराचे अर्ज टाइप करून देणं, पाठपुराव्याचा तक्ता ठेवणं, हे मी इथून करू शकते. सांगाल तर लगेच.

---

विधीरंग | २२ ऑगस्ट, सकाळी ११.००

उत्तम. माहिती अधिकारात एवढंच मागा: (अ) तुमच्या शाळेच्या यूडायस क्रमांकावर (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मंजूर व कार्यरत शिक्षक, (आ) तालुक्यात सध्या मूळ शाळा सोडून इतरत्र कामगिरीवर असलेल्या प्राथमिक शिक्षकांची संख्या आणि त्या आदेशांच्या प्रती. एक अर्ज, एक विषय, १५० शब्दांच्या आत. १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर प्रथम अपील.

दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे. एका शाळेचं भांडण गावापुरतं राहतं. तालुक्यातले असे वीस शिक्षक निघाले की वीस गावं एकत्र येतात.

---

रानजाई | रविवार, ७ सप्टेंबर, रात्री ९.१५

गणपतीमुळे उशीर झाला. कुठवर आलं ते लिहिते.

समितीची सभा २५ ऑगस्टला घेतली, मजकूर आधी लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला, मग सह्या. तीन आयांनी आयुष्यात पहिल्यांदा ठराव ऐकला. एकीने विचारलं, "म्हणजे आजवर मी कशावर सही करत होते?" कुणाकडेच उत्तर नव्हतं.

कलम ३२ ची तक्रार घेऊन आम्ही सहा जणी तालुक्याला गेलो. आवक-जावकच्या खिडकीवर "ठेवून जा, साहेब बघतील" म्हणाले. मी झेरॉक्स पुढे करून म्हटलं, यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक द्या. अर्धा तास बसवलं. आम्ही बसलो. शिक्का मिळाला. घरी येऊन तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवलाय.

आधारचं: दोघा भावांचं आडनाव लागलं. आजीकडच्या मुलाची नोंदणी झाली, पावती आहे, क्रमांक यायचाय. मुलीची जन्मतारीख अडकलीय, ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीचा दाखला लागतो आणि तिचा जन्म दुसऱ्या जिल्ह्यात, उसाच्या फडावर झालेला. तिची आई दोन दिवसांची मजुरी बुडवून तिकडे गेलीय.

वर्गणीचं: गावाने ठरवलं की डीएडवाल्या मुलीला दोन महिने ठेवायचं, काकांनी सांगितलेली ओळ ठरावात जशीच्या तशी घालून. मी विरोध केला नाही.

---

जुना_खडू | सोमवार, ८ सप्टेंबर, सकाळी ६.४०

त्या आईला एसटीचं भाडं समितीतून द्या आणि तसं इतिवृत्तात लिहा.

---

रानजाई | सोमवार, २२ सप्टेंबर, रात्री ८.३०

आज घट बसले. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पोर्टलवर आता २२ मुलं जुळलीत. मुलीचा जन्मदाखला मिळाला, आधार केंद्रावर दुरुस्ती टाकलीय, ३० तारखेच्या आत होईल की नाही सांगता येत नाही. सर रोज सकाळी दारात उभं राहून आधी तेच उघडून बघतात.

माहिती अधिकाराचं उत्तर आलं. आमच्या तालुक्यात १४ शिक्षक असे मूळ शाळा सोडून इतरत्र आहेत. त्यातल्या पाच शाळांच्या समित्यांशी बोलणं झालं, पैलतीरताईंनी सगळ्यांच्या तक्रारी टाइप करून पाठवल्या. परवा सगळ्या मिळून जिल्ह्याला जाणार आहोत.

आमच्या बाईंचा आदेश रद्द झाल्याचं पत्र शुक्रवारी शाळेत आलं. 'तात्काळ मूळ शाळेत हजर व्हावे' असं आहे. शनिवारी त्या आल्या नाहीत, आज सोमवारीही आल्या नाहीत. उद्या सकाळी आम्ही तिघी प्रार्थनेच्या वेळी शाळेत जाऊन शिक्षक हजेरीपुस्तकात त्यांच्या नावापुढचा रकाना बघणार आहोत, आणि रिकामा असेल तर दुपारच्या गाडीने तालुक्याला.

चौथीचा बाप दादा, तुमच्या शाळेचा यूडायस क्रमांक पाठवा. तुमचाही अर्ज सोबत नेते.